मुक्ताबाईचा पिवळा हात

दूध संस्थेच्या ओट्यापुढे अख्खं गाव लोटलं होतं. सत्यानंद महाराज म्हणे तळहाताला हळदीचा भंडारा लावून नास्तिक ओळखतात. आस्तिकाचा तळहात पिवळा राहतो, नास्तिकाचा लालभडक होतो. दोन पावसाळे कोरडे गेले होते, गावाला दुसरी करमणूक तरी कुठे होती!

भानगड पाण्याची होती. टँकर संस्थेच्या हौदात रिकामा व्हायचा आणि हौदाची किल्ली गावानं मुक्ताबाईकडे दिली होती. माणशी एक हंडा, चेअरमनलाही सवलत नाही. चेअरमन सुंदररावांची मोसंबीची बाग जळत होती. किल्ली त्यांच्या हाती गेली असती तर बाग जगली असती आणि गाव तडफडलं असतं. मुक्ताबाईत खोट काढायला एकच जागा होती, ती देव मानत नव्हती. म्हणून सुंदररावांनी महाराजांना बोलावलं होतं.

"जिला देवाचं भ्या न्हाई, तिच्या हाती पानी कावून द्यायचं?" सुंदरराव गरजले.

महाराजांनी आधी त्यांच्याच तळहातावर ओला भंडारा चोळला. पिवळाधमक! "सात जन्म शुद्ध!" महाराज म्हणाले. चालू जन्माबद्दल ते काही बोलले नाहीत.

मग मुक्ताबाईपुढे शिष्यानं तांब्या धरला. "आधी तीर्थ घ्या."

"मी तीर्थ घेत न्हाई. भंडारा लावा."

"घ्यावंच लागतं!" महाराज कासावीस झाले.

"तिला नगं तर मला द्या," म्हणत म्हातारी दगडाबाई घुसली. पण चेअरमन म्हणून पहिला मान सुंदररावांचा. त्यांच्यामागे पुजारी गहिनीनाथ, मागे सारं गाव. दुष्काळात तीर्थ कोण सोडतो? शिष्य "नको, नको" ओरडत राहिला. मी डेअरीत दुधाची फॅट तपासतो, बुवांवर माझा काडीचा विश्वास नाही. पण मीही हात पुढे केला. घसा कोरडा होता, खोटं कशाला बोलू!

सुंदररावांचा पिवळा हात तिथल्या तिथे लाल झाला. बाकीच्यांनी हौसेनं भंडारा लावला, तेही लाल. "तीस वर्षं पूजा करतोय की वो!" गहिनीनाथ रडायला लागले. तीर्थ न घेता भंडारा लावलेली मुक्ताबाई तेवढी पिवळी राहिली.

तिनं तांब्या हुंगला, तळाचे चार थेंब स्वतःच्या तळहातावर ओतले. हात लाल झाला.

"चुन्याची निवळी हाय. हळदीला चुना लागला की लाल होतंय. माझी माय कुंकू असंच करायची."

"आगं बया, आमी बी तसंच करायचो की!" दगडाबाईनं कपाळावर हात मारला.

महाराज जीपकडे पळाले. सुंदरराव मात्र हटेनात. "पन देवाचं भ्या न्हाई, तर तू पानी चोरत कावून न्हाईस?"

"दगडाबाईला तहान लागती म्हनून."

सुंदररावांना ते कळलं नाही. गहिनीनाथांना कळलं. डोळे पुसत ते म्हणाले, "मुक्ताबाई, हौद उघड. मी रांग लावतो."

देव मानायचा की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण माणूस भला की बुरा हे बघायचं, तर तो दुसऱ्याच्या वाट्याला हात घालतो का, एवढं बघा. त्याला ना भंडारा लागतो ना महाराज. आपले डोळे पुरतात.