आईचं फोल्डर

आई गेली ती धाकटीच्या घरी. शेवटची चार वर्षं तिथंच होती, म्हणून तिच्या गाण्यांचं सगळं रेकॉर्डिंगही धाकटीच्याच कॉम्प्युटरवर. थोरलीला ते काट्यासारखं सलायचं. मीही लेकच ना तिची? की वाटेवर सापडले?

धाकटी चहा टाकायला आत गेली, तशी थोरली तिच्या खुर्चीत जाऊन बसली. पडद्यावर पिवळं फोल्डर, नाव ‘आई’, कोपऱ्यात इवलासा बाण. तिनं ते आपल्या पेन ड्राइव्हवर घेतलं. मग मनात वाईट आलं. आता हिच्याकडं कशाला? माउसनं पुसलं, कचऱ्याची पेटीसुद्धा रिकामी केली. चहा पिताना आतून गोड गोड वाटत होतं.

आपल्या शिवणाच्या दुकानात येऊन तिनं तिथल्या कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह लावला. फोल्डर उघडेना. ‘जागा सापडत नाही,’ एवढंच पडद्यावर. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. इकडं काही आलं नाही, तिकडचं स्वतःच्या हातानं पुसलं. म्हणजे आई आता कुठंच नाही.

तिनं फोन लावला आणि रडत रडत सगळं ओकून टाकलं.

पलीकडं माउसची टकटक. “ताई, तू पुसलास तो नुसता शॉर्टकट. घराकडं बोट दाखवणारी पाटी. घर माझ्या कॉम्प्युटरच्या दुसऱ्या ड्राइव्हवर आहे, शाबूत.”

“आणि मी आणलंय ते?”

“तीपण पाटीच. पाटी उचलून नेली म्हणून घर येतं होय मागोमाग?” आवाज करडा झाला. “पण पुसायला गेलीस ना तू. मला मिळू नये म्हणून.”

“हो. जळले मी.”

धाकटीनं फोनजवळ आईचं गाणं लावलं.

लेकी माझ्या दोन, दारची जाई नि जुई
एकीला घालता पाणी, दुजी हिरमुसली होई

गाण्यात मध्येच धाकटीचं हसू, “आई, घोटभर पाणी घे.” पुढच्या गाण्यातही ती. त्याच्या पुढच्यातही. थोरलीच्या छातीत पुन्हा कळ उठली.

“तुझा आवाज काढून टाकता येतो का गं त्यातून?”

“येतो की. पण मग आई कुणापुढं गातेय, ते कळायचं नाही.”

थोरलीनं पदरानं नाक पुसलं. “राहू दे तसाच. उद्या येते मी. दार लावून घेऊ नकोस.”

“दार उघडंच असेल. माउसला मात्र हात लावायचा नाही.”