छत्तीस वेळा सुटका

पाचव्या पानाच्या कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेली, आणि तिच्याखाली एक केस अडकलेला. कुणाचा, कळायला मार्ग नाही. काळा, बारीक, चित्रातल्या उंदराच्या नाकाला अगदी लागून, त्यामुळे या उंदराला डावीकडे तीन मिशा आणि उजवीकडे चार. अकरा आठवडे वाचताई ही सातवी मिशी बघत होती. कागदोपत्री ती वाचा-उपचारतज्ज्ञ. पण एवढं लांबलचक म्हणायला केंद्रात कुणाला वेळ होता?

उंदीर बरणीत, बरणीवर झाकण, गोष्ट एवढीच. पण इथे येणाऱ्या मुलांच्या डोक्यात शब्द टिकत नाहीत. कान चांगले, समज चांगली, शब्द तेवढा आला तसा निघून जातो… म्हणून एकच पुस्तक पुन्हा पुन्हा, मांडीला मांडी लावून वाचायचं आणि प्रत्येक नवा शब्द छत्तीस वेळा ऐकवायचा, हा केंद्राचा नियम. तोही शिस्तीत: आधी शब्द, मग अर्थ, मग वाक्य. सुटका. सुटका म्हणजे अडकलेलं मोकळं होणं. उंदराची सुटका झाली. आणि कागदावर एक काडी. अशा छत्तीस काड्या, असे आठ शब्द, वर्षाला चौदा मुलं, आणि वर्षं… वर्षांच्या काड्या तिनं मारल्या नव्हत्या, तेवढी चैन तिनं स्वतःला करू दिली होती.

परवा नवऱ्यानं किल्ली कुठंय विचारलं, तर तिच्या तोंडून निघालं, "किल्ली. किल्ली म्हणजे कुलूप उघडायची वस्तू. किल्ली खुंटीवर आहे." नवरा पोट धरून हसला, आणि मग घरी येईल त्याला तो किस्सा सांगत सुटला, तिच्यादेखत, कौतुकानं. तीही हसली. हसणं म्हणजे… जाऊ दे.

कार्यालयातलं टेबल मिळावं म्हणून तिनं तीनदा अर्ज केला होता. नुसते कागद, मुकाट फायलीत जाऊन बसणारे! तिन्ही वेळा केंद्र चालवणाऱ्या मोठ्या बाई म्हणाल्या, तुमच्यासारखं वाचणारं दुसरं आहे कोण? कौतुक असं करावं की माणसाला जागचं हलता येऊ नये; मोठ्या बाईंचा त्यात हातखंडा होता.

समोर बटणबाई. वय सहा, फ्रॉकचं वरचं बटण सारखं पिळते म्हणून हे नाव. आज तिची चाचणी होती. आठांपैकी पाच शब्द आले तर पुढच्या वर्षीही जागा. नाही तर जागा दुसऱ्या मुलाला आणि ही शाळेच्या शेवटच्या बाकावर, जिथे तिला कुणी काही विचारत नसे, त्यामुळे ती चुकतही नसे. आई दाराबाहेर खुर्चीत बसली होती. सोडताना एवढंच म्हणाली होती, "ताई, काल दिवसभर झाकण झाकण करत होती हो. डबा उघडूच देईना कुणाला."

सात शब्द झाले. चार आले. 'निसटणं' तर तिनं बोटांतून बटण सोडून दाखवलं. आता शेवटचा. मदत करायची नाही, खूण करायची नाही, उत्तर शब्दशः उतरवायचं.

"सुटका म्हणजे काय गं?"

बटणबाई पुस्तकाकडे बघतच नव्हती. ती ताईकडे बघत होती… मग तिनं डावी बाही वर सारली, उघड्या मनगटावर, जिथे घड्याळ नव्हतं तिथे, डोळे बारीक करून पाहिलं, खांदे खाली टाकले आणि नाकावाटे एक लांब श्वास सोडला. चांगला पन्नाशीतला.

"ताई पुस्तक मिटते," ती म्हणाली. "अस्सं."

मी… असं करते? रोज? काड्या मारल्या त्या शब्दाच्या. श्वासाच्या कुणी मारल्या नाहीत, आणि पोचला तो नेमका श्वास. बावीस वर्षं शेजारी जेवणाऱ्याला जे दिसलं नाही, तीन अर्जांतून मोठ्या बाईंना वाचता आलं नाही, ते या मूठभर शब्दांच्या पोरीनं वाचून काढलं — आपण तिला वाचून दाखवतोय, अशा भ्रमात मी होते तेव्हा.

पुस्तिकेत नमुना उत्तर छापलेलं होतं. त्याच्याशी ताडून पाहिलं तर हे चूक. आणि बरोबर म्हणावं तर पुढच्या रकान्यात शब्दशः उतरवलेलं उत्तर वाचून मोठ्या बाई कारण विचारणार. शिवाय बरोबर म्हटलं की पुढचं वर्ष, पुढचं पुस्तक, पुन्हा छत्तीस… तिनं लिहिलं: ताई पुस्तक मिटते. अक्षर नेहमीसारखंच आलं, याचं तिला नवल वाटलं. गुणांची चौकट मात्र कोरीच.

"आलं?" बटणबाईनं विचारलं. अकरा आठवड्यांत तिनं प्रश्न असा कधी विचारलाच नव्हता.

पेन्सिल चौकटीवर टेकली. वाचताईच्या छातीत श्वास भरून आला होता, सोडला की बरं वाटलं असतं. पण समोर दोन डोळे तिच्या तोंडावर खिळलेले, शिकायला अगदी तयार… तिनं तो धरून ठेवला.