आपण होऊन आलेला दगड

सुज्ञ वाचकहो, धर्मश्रद्धा ही मनुष्यसंहारास कारण होते किंवा नाही, या गहन प्रश्नाचा विचार प्रस्तुत कथेत एका दगडाच्या निमित्ताने केला जाणार आहे. लेखकाचे शिक्षण सातवीपर्यंतच झाले असल्याने, जे घडले तेवढेच लिहिण्याचा त्याने निश्चय केला आहे. त्याचे नाव अखेरीस दिले आहे. आरंभी लिहिण्यास हात धजला नाही.

दंगलीच्या तिसऱ्या दिवशी, सकाळच्या प्रहरी, फेकलेले सर्व दगड आपापल्या घरी परत आले.

आमच्या कसब्यात देऊळ आणि दर्गा यांच्या मधोमध एकच पार आहे. तेथे दोन्ही बाजूंनी आपापल्या देवाची नावे पुकारली गेली, मग दगड उचलले गेले आणि दिवस मावळण्यापूर्वी नऊ माणसे या जगातून गेली. दोन दिवस कोणी दार उघडले नाही. तिसऱ्या दिवशी दगड रानातून परतणाऱ्या गुरांप्रमाणे एका रांगेने आले, पारापाशी दोन वाटांनी पांगले आणि ज्याच्या त्याच्या दारी जाऊन थांबले. एकही वाट चुकला नाही.

भिवा हा देवळाचा गुरव. त्याच्याही दारी एक आला. तो लिंबाएवढा होता आणि त्याच्या एका अंगास अंगठा बसेल अशी खाच होती. भिवाची बायको हौसा तेव्हा सडा घालीत होती. तिने दगड उचलला, धुतला, त्यास हळदकुंकू लावले आणि मगच विचारले, "अवं, ह्यो कुठला देव म्हणायचा?"

चूक तिची एकटीची नव्हती. आपण होऊन दारी आलेला दगड स्वयंभू असतो, अशी आमच्याकडील जुनी समजूत आहे. वरच्या आळीत त्या सकाळी घरोघर कुंकू लागले. खालच्या आळीत मुसलमान बायांनी दगडांवर हिरवी फडकी घालून ऊद जाळला.

भिवाने खाच पाहून दगड ओळखला. "देव न्हवं. दंगलीतला हाय."

"तुमचा?"

"श्रद्धेनं फेकला," भिवा म्हणाला. हे वाक्य त्याने कोठे ऐकले होते, ते त्यास आठवेना. दगड नारळाएवढा झाला.

दुपारी शेजारी विचारून गेले. भिवाने तेच उत्तर दिले. दगड घागरीएवढा झाला.

पाचव्या दिवशी चौकशीचे साहेब आले. त्यांच्याजवळ छापील कागद होता आणि त्यात तिसरा रकाना 'फेकणाऱ्याचे पूर्ण नाव' असा होता.

"श्रद्धाच ना?" साहेबांनी विचारले.

भिवाने मान हलविली. दगड वासराएवढा झाला व त्याने दार अडविले.

"घरोघर हेच सांगतात," साहेब म्हणाले. "तुमच्या मास्तरांनीसुद्धा हेच सांगितलं."

मास्तर कोणत्याही देवास हात जोडीत नसत. त्यांचा दगड आढ्यास टेकला होता.

"मग तिलाच पकडा की," हौसा म्हणाली.

"पत्ता मिळत नाही, बाई. जो तो शेजाऱ्याचा पत्ता देतो. आणि पूर्ण नाव लागतं. श्रद्धेचं आडनाव कुणाला ठाऊक नाही." त्यांनी रकाना रिकामा ठेवला आणि ते खिडकीतून बाहेर गेले.

त्यानंतर घराच्या भिंती रोज वीतभर आत सरकू लागल्या. नवराबायकोस पाय दुमडून बसावे लागे. भिवास त्याचे काही वाटत नव्हते. त्याचा जीव खालच्या आळीत अडकला होता. तेथे दस्तगीर शिकलगार डोके फुटून पडला होता. तीस वर्षे जत्रेआधी देवळाच्या कोयत्यास दस्तगीरनेच धार लावली. मोबदल्यात तो नारळाची एकच वाटी घेई. दुसरी भिवाच्या हातावर ठेवून म्हणे, "खा गुरवा, देव काय आख्खा नारळ खात न्हाई."

"भाऊजी तिकडं पडल्यात आन् तुमी हितं," सातव्या दिवशी हौसा म्हणाली.

"दगुड जाऊ दीना."

"कसा दील? तुमीच चारून फुगवलाय त्येला."

भिवाने दगडावर हात ठेवला. "मीच मारला गं," तो म्हणाला. "डोळं मिटून. तोंडात देवाचं नाव व्हतं."

दगड लहान झाला नाही. मात्र उचलता येण्याजोगा झाला. हौसाने नवऱ्याच्या डोक्यावर चुंबळ ठेवली. "कुंकू पुसू का?"

"ऱ्हाऊ दे. ज्येचं नाव घेतलं त्योबी येऊ दे बरुबर."

दस्तगीर धार लावण्याच्या चाकाशेजारी खाटेवर बसला होता. डोक्यास पट्टी होती.

"लई उशीर केलास, गुरवा. कोयता आणलास?"

"दगुड आणलाय."

"तुझाच व्हय? मला वाटलंच. ल्हानपणापास्नं तुझा नेम असाच. मारायचास कैरीला, लागायचा म्हाताऱ्या माळ्याला."

भिवास हसू आले आणि लगेच रडू आले. खाटेखाली हिरव्या फडक्याखाली पोत्याएवढे काही होते.

"ह्यो कुणाचा?"

"माझा. कुणाला लागला त्ये अजून कळंना."

"तूबी श्रद्धा म्हणालास?"

"म्हणालो. तोंडाला सोपं पडतं." दस्तगीरने पट्टी सोडली. जखम नव्हती. कानाच्या वर एक कोनाडा होता, चुन्याने सारवलेला, स्वच्छ, दिवा नसलेला. "वारा शिरला की घुमतंय. रिकामं बरं वाटत न्हाई, गड्या. घाल त्यो हितं."

"मावंल का?"

"मावंल असा करू. धर."

दस्तगीरने पायाने चाक फिरविले. भिवाने दगड धरला. ठिणग्या उडाल्या. दगड वासराचा घागरीएवढा झाला, घागरीचा नारळाएवढा. कुंकू मात्र जेथल्या तेथे राहिले. मध्ये दस्तगीरची बायको दोघांस चहा देऊन गेली. उन्हे कलली तेव्हा दगड लिंबाएवढा झाला होता आणि त्याची खाच पुन्हा दिसू लागली होती.

"आता माप बघ," दस्तगीर म्हणाला. त्याने केस बाजूला सारले आणि मित्रापुढे डोके वाकविले.

भिवाने दगड घेतला. अंगठा खाचेत बरोबर बसला. तोंडात देवाचे नाव आले. त्याने हात वर उचलला.

येथवर सोबत केल्याबद्दल वाचकांचा ऋणी आहे. चौकशीच्या कागदावरील तिसऱ्या रकान्यात मात्र खालील माझेच नाव लिहून घ्यावे, ही विनंती.

आपला नम्र,
भिवा सटवाजी गुरव