आईनं सांगायला लावलेली गोष्ट

माझ्या आईनं नांगर धरला तेव्हा मी सहा वर्षांची होते. वडील पटकीनं गेले होते. पाटाखालची दोन एकर जमीन वाट्यानं दुसऱ्याला लावून टाक, असं चुलते सांगत होते. आईनं ऐकलं नाही. बाईनं नांगराला हात लावू नये असं आमच्या कळंबमध्ये सगळेच मानत. शेजारचे महिपतीतात्या बांधावर येऊन म्हणाले, "द्वारके, हे बरं दिसत न्हाय. पाऊस रुसंल."

"पाटाला पानी हाय, तात्या," आई म्हणाली. "आन नांगर कुनी धरला ते वांग्याला कळत न्हाय."

वांगी आली, मागोमाग मिरचीही आली. बैलगाडीत माल घालून ती बारामतीच्या बाजाराला जाऊ लागली, आणि तिथं मुलींची शाळा आहे असं कळल्यावर मलाही घेऊन गेली. प्रयागबाई नावाच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे तिनं मला ठेवलं. दर बाजाराला माल विकून झाला की त्यांच्या पायरीवर बसून ती मला धडा वाचायला लावी. तिला स्वतःला एक अक्षर येत नव्हतं, पण मी एखादा शब्द गिळला की तिला बरोबर कळे. "हितं घाई केलीस. परत वाच." मी सातवीची फायनल परीक्षा पास झाले त्या दिवशी तिनं गाडीतली उरलेली भेंडी दिसेल त्याला फुकट वाटली आणि घरी येईपर्यंत स्वतःलाच शिव्या घातल्या.

चौतीस साली माझं लग्न झालं. नवरा इंदापूरला मास्तर होता, मीही तिथल्याच मुलींच्या शाळेत लागले. आई महिन्यातून एकदा यायची. मग येणं कमी झालं. डावा हात ती अंगाशी धरून चाले. विचारलं तर म्हणे, "वारं धरलंय."

पस्तीसच्या दिवाळीत मी तिला तेल लावायला बसले. ती चोळी काढू देईना. मी हट्टानं काढली आणि तेलाची वाटी माझ्या हातातच राहिली. छातीवर गाठ होती, फुटून चिघळलेली.

"कवापासनं?"

"झाली दोन वर्सं."

"आणि मला बोलली नाहीस?"

"काय बोलू? आन दावू कुनाला? डाक्टर म्हंजे बाप्या मानूस."

बारामतीहून आगगाडीनं आम्ही दौंडला आणि तिथून पुण्याला गेलो. दवाखान्यात पडद्याआड तपासायला आल्या त्या डॉक्टरीणबाई होत्या. आई त्यांच्याकडे बघतच राहिली. "बाई डाक्टर बी असतीया?" बाईंनी तिला हळुवार तपासलं आणि मला बाहेर नेऊन सांगितलं, की हा कर्करोग आहे, पार पसरलाय, आता कापून उपयोग नाही.

परतीच्या गाडीत आई खिडकीबाहेर उसाची शेतं बघत होती. मग म्हणाली, "मला ठावं असतं तर आले असते की गं, कौसे. तू बायकांना सांग. बाई डाक्टर असतीया म्हनून सांग. लाजू नगंस."

त्यानंतर ती पाच महिने जगली. बांधावर घोंगडी टाकून तिनं त्या साली कांदा लावून घेतला. वाफा वाकडा गेला की गड्यांना ओरडायची. चैत्रात कांदा निघाला, आणि चौथ्या दिवशी ती गेली.

तेराव्याला जेवणं झाल्यावर बायका सोप्यात बसल्या. कुणाच्या बाळंतपणात आईनं महिनाभर भाजी पुरवली होती, कुणाला सासरी कसं भांडावं ते शिकवलं होतं. सांगता सांगता सगळ्या हसू लागल्या. मग मी उठले. आईला कुठं गाठ झाली, तिनं ती किती दिवस लपवली, पुण्याच्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, सगळं सांगितलं. कुणी मान वर करेना.

बाहेरून महिपतीतात्या म्हणाले, "मास्तरीणबाई, हे चारचौघांत शोभत न्हाय. मेलेल्या मानसाची अब्रू काढतीस व्हय?"

"तात्या, तिनंच सांगायला लावलंय."

तात्या पान न घेताच उठून गेले. मला रडू आलं.

पंधरा दिवसांनी शाळा सुटताना फाटकाशी त्यांची बैलगाडी उभी होती. मागं त्यांची बायको, छबूकाकू, तोंडावर पदर ओढून बसलेली. तात्या माझ्याकडे न बघता बैलाची मान खाजवत म्हणाले, "तू बोललीस तवापासनं ही धड जेवत न्हाय. मला काय सांगत बी न्हाय. तूच इचार."

छबूकाकूनं माझा हात धरला आणि पदराखाली नेला. बोराएवढी गाठ होती.

त्याच आठवड्यात आम्ही पुण्याला गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेवर आलात." शस्त्रक्रिया झाली. तात्या सोळा दिवस धर्मशाळेत राहिले आणि जन्मात पहिल्यांदा स्वतः भाकरी थापू लागले. शुद्धीवर आल्यावर तिसऱ्या दिवशी काकूनं एक घास खाल्ला आणि विचारलं, "ही भाकरी हाय का गवरी?" तात्या इतके हसले, की परिचारिका रागावली.

त्याला आता तीन वर्षं झाली. मी आणखी पाच बायकांना पुण्याला नेलं. तिघींच्या गाठी साध्याच निघाल्या. एक बरी होऊन अंथुर्ण्याला नांदते आहे. एक वाचली नाही, तिला मी उशिरा गाठलं. मी सांगते तेव्हा अजूनही काही बायका उठून जातात, पण छबूकाकू बाजारात भाजीचा ढीग लावून बसते आणि माझ्यापेक्षा मोठ्यानं सांगते. तिथून कुणी उठून जात नाही, कारण तोवर भाजी तोलून व्हायची असते.

मागच्या महिन्यात तिच्या नातीचं बारसं झालं. काकूनं पाळणा म्हणायला घेतला, तोही इतक्या वरच्या पट्टीत, की झोपलेली पोर दचकून उठली आणि सगळं घर काकूला गप्प करायला धावलं.