बाबांना नावानं हाक

"बाबा, खाली बसता का जरा?"

बाबा बसले नाहीत. बाबा सहा वर्षांचे होते, त्यांना दोन वेण्या होत्या आणि पुढचे दोन दात पडलेले होते. बाकावर उभं राहून ते खिडकीबाहेरची कुत्र्यांची भांडणं बघत होते.

"बाबा, मी काय म्हणते?" लुईसा बाई पुन्हा म्हणाल्या.

"थांब गं पोरी. काळं जिंकतंय," बाबांनी वळूनही न बघता सांगितलं. मग अर्धा वर्ग काळं कुत्रं बघायला खिडकीशी गेला.

लुईसाचे वडील पुतुलिक वारले त्याच हिवाळ्यात शेजारी ही मुलगी जन्मली आणि तिला त्यांचं नाव दिलं गेलं. नावामागून नातंही आलं. तेव्हापासून लुईसा तिला बाबा म्हणते, आणि लुईसाचे भाऊ सील मारून आणला की त्याच्या काळजाचा तुकडा आधी तिच्या घरी पोचवतात. उत्तरेकडच्या या बर्फाळ गावात याचं कुणाला नवल नाही. शाळेचा झाडूवाला तर दुसरीतल्या एका मुलीला सासूबाई म्हणतो आणि ती समोरून आली की भिंतीला चिकटून उभा राहतो.

वर्गात मागे बसलेली अकिनिसी हे सगळं बघत होती. आपल्यातल्या बायकांना शिक्षिका म्हणून तयार करायचं, त्यांच्या पाठीशी राहायचं, हे तिचं काम. केस काळे होते तेव्हापासून ती छोट्या विमानांतून किनाऱ्यावरच्या गावोगावी फिरत होती. तिनं तयार केलेली एक बाई आता विमानतळावर सामान तोलायची, एक नगरपालिकेत होती, एक रेडिओवर हवामान सांगायची. तिच्या हाताखाली शिकलेल्या बायका सगळीकडे भेटायच्या, शाळा सोडून. आताशा गुडघे दुखायचे, आणि नव्या मुलीचं नाव लक्षात ठेवायचासुद्धा कंटाळा यायचा. लुईसाचं नाव मात्र राहिलं होतं, कारण ही मुलगी खरंच शिकवायची. पोरं तिच्या गोष्टी ऐकताना खायचंही विसरत.

मधल्या सुट्टीत हेडमास्तर डेनिस आले. दक्षिणेकडून आलेला सरळ माणूस, तोही दमलेला.

"माझा तिच्यावर राग नाही," ते म्हणाले. "पण वर्ग तिच्या हातात नाही. उन्हाळ्यापर्यंत आला नाही, तर मला बाहेरून कुणाला तरी आणावं लागेल. मग तुमच्या भाषेऐवजी पहिलीपासूनच इंग्रजी. मलाही ते नकोय."

त्या दुपारी अकिनिसीनं लुईसाला चहाला बसवलं.

"वर्गात ती विद्यार्थिनी आहे. नावानं हाक मार."

"बापाला?"

"वर्गापुरती. मलाही असंच शिकवलं होतं. नाती कोटाबरोबर बाहेर खुंटीला लावून आत यायचं."

"आणि तुम्ही लावलीत, मावशी?"

अकिनिसीनं भाकरीचा तुकडा मोडला. "लावली. म्हणून टिकले."

"त्यांनी जन्मात माझ्यावर आवाज चढवला नाही. मी कुठल्या तोंडानं..."

"मग राहू दे. पुढच्या वर्षी तुझे बाबा इंग्रजीत शिकतील."

हे बोलणं वर्मी लागलं. लागणार हे अकिनिसीला माहीत होतं, पण दुसरं काही सुचण्याइतकं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबा बाकावर चढले तेव्हा लुईसा म्हणाली, "पुतुलिक, खाली बस."

सगळी पोरं वळून लुईसाकडे बघायला लागली. मुलगी खाली उतरली आणि हात मांडीवर ठेवून बसली. ती दिवसभर तशीच बसून राहिली, आणि पुढचे दिवसही. तिचं बघून बाकीचेही बसले. डेनिसनी दारातून डोकावून अकिनिसीकडे बघत समाधानानं मान हलवली. शाळा सुटताना मुलगी बुटांच्या नाड्या बांधून घ्यायला लुईसाकडे जायची, ती आता अकिनिसीकडे यायला लागली. अकिनिसी खाली मान घालून नाड्या बांधायची.

आठवड्याच्या शेवटी संध्याकाळी मुलीची आई लुईसाकडे आली. अकिनिसी तिथंच उतरली होती. आई भांडली नाही. चहा प्यायली, माशांचं बोलली, आणि उठताना म्हणाली, "ती जेवत नाहीये गं. म्हणते, 'माझ्या पोरीचं माझ्यावरचं मन उडालं. मी तिचं काय वाईट केलं?'"

ती गेल्यावर लुईसा एकच कप बराच वेळ धूत राहिली.

"मावशी, मी सोमवारपासून शाळेत येणार नाही."

"आत्ता कुठे वर्ग हातात आलाय."

"आलाय ना. पण माझे बाबा गेले. मागे गेले तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. या वेळी मीच घालवले."

अशा वेळी सांगायच्या गोष्टी अकिनिसीला पाठ होत्या. नोकरीबरोबर घर मिळतं, पेन्शन आहे, आपली भाषा कोण शिकवणार. कितीतरी जणींना तिनं त्या ऐकवल्या होत्या. आज तिनं लुईसाच्या हातातला कप घेऊन पुसून ठेवला. तिला लाज वाटत होती, आणि झोप येत होती.

शरद ऋतूत ती पुढच्या गावी चालली असताना धुक्यामुळे विमान इथंच अडकलं. पाय तिला शाळेकडे घेऊन गेले. लुईसाच्या पोरांना आता एक हसतमुख तरुण इंग्रजीत रंग शिकवत होता. पोरं गप्प होती. तिथं अकिनिसीचं काही काम नव्हतं, म्हणून शाळा सुटल्यावर ती चहापत्ती आणायला सहकारी दुकानात गेली.

गल्ल्यावर लुईसा होती. दुकानातल्या फळ्याफळ्यांवर तिनं आपल्या लिपीत ठसठशीत चिठ्ठ्या लावल्या होत्या. समोर साखरेची पिशवी ठेवून, टाचा उंचावून, बाबा उभे होते.

"बाबा, नुसती ठेवून चालणार नाही. फळीवर काय लिहिलंय?"

"तूच सांग ना."

"मी नाही सांगणार. वाचल्याशिवाय साखर मिळायची नाही."

"माझ्या पोरीच्या दुकानात मलाच साखर नाही?"

"नाही. वाचा."

बाबांनी सुस्कारा टाकला, फळीशी जाऊन चिठ्ठीवर बोट ठेवलं. "सा... ख..."

"पुढे? घाई करू नका."

"...र."

लुईसानं भुवया उंचावून होकार दिला आणि पिशवी पुढे सरकवली. "आता आजोबा, या," ती मागच्या मुलाला म्हणाली. बाबांच्या मागे वर्गातली चार-पाच पोरं एकेक वस्तू हातात धरून, आपली चिठ्ठी मनातल्या मनात घोकत रांगेत उभी होती. त्यांच्यामागे काडतुसांचा डबा घेतलेला एक शिकारी थांबला होता. त्याला काही घाई दिसली नाही.

अकिनिसी चहाचा पुडा घेऊन त्याच्या मागे उभी राहिली. तिचा नंबर यायला वेळ होता.