टोपी चालते, हिजाब चालत नाही

मित्रांनो, मी एक जुना हिजाब आहे, आणि आज माझं डोकं फिरलंय. तुम्ही म्हणाल, हिजाबाला कुठलं आलंय डोकं? खरं आहे. डोकं तिचं आहे. पण तेच लोक विसरलेत, म्हणून मला तोंड उघडावं लागतंय.

राखाडी सुती कापडाच्या उरलेल्या तुकड्यातून आईने मला शिवलं. कडेला दुहेरी शिलाई घातली, कारण थोरली लेक रुग्णालयात परिचारिका आणि मला रोज गरम पाण्यात पडायचं होतं. धाकटी म्हणाली, "मला नाही घालायचा." थोरली म्हणाली, "मला घालायचाय." विषय संपला. दोघी एकाच आरशासमोर भांडत तयार व्हायच्या, पण माझ्यावरून कधीच नाही.

थोरली ऑपरेशन थिएटरमध्ये होती. सकाळी मला काढून, चार घड्या घालून कपाटात ठेवायची आणि कान-मान झाकणारी हिरवी टोपी घालायची. वर मास्क. आत सर्जनपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळे डोळ्यांपुरतेच उरायचे. केस का झाकलेस, असं तिथे कुणी कुणाला विचारत नसे. सर्जन म्हणायचे, "ताई असल्या की चिमटा मागावा लागत नाही, हातात येऊनच पडतो."

मग रुग्णालयाची जाहिरात निघाली. व्यवस्थापक लगबगीने आले. "ताई, तुम्ही मधोमध उभ्या राहा. आणि रुमाल असाच असू दे हं! आपल्याकडे सगळे आहेत, हे लोकांना दिसायला हवं." मी तर हरभऱ्याच्या झाडावरच चढलो. फाटकाजवळ आमचा माणसाएवढा फोटो लागला.

दोन वर्षांनी व्यवस्थापक बदलले. नवे म्हणाले, "रुग्ण बिचकतात." कोणता रुग्ण? एकाचंही नाव त्यांना सांगता येईना. तरी नियम निघाला, आवारात डोकं उघडंच हवं. सुरक्षारक्षकाने तिला अडवलं ते नेमकं त्याच फोटोखाली. बिचारा वर बघेना की खाली. "ताई, माझ्या हातात काही नाही हो," एवढंच म्हणाला.

घरी आली तर तिचा थोरला भाऊ खूश! "बरं झालं. सोड ती नोकरी. घरी बस, आणि आता तोंडही झाकत जा. धाकटीलाही लाव वळण."

वा रे वा! एकाला मी जास्त झालो, दुसऱ्याला कमी पडलो. अरे, मी काय तुमच्या भांडणातली दोरी आहे, दोन्हीकडून ओढायला?

शेवटी तिचं काय करायचं हे ठरवायला रुग्णालयाच्या समितीची बैठक बसली. पाच जण आत. आणि सहावा कोण? भाऊ! "घरच्यांची बाजू समजून घ्यावी" म्हणून त्याला मानाने बोलावलेलं. ती मात्र दोन तास बाहेर बाकावर. शेजारी धाकटी, तिचा हात घट्ट धरून. आतून चहाचे कप वाजत होते, हसणंही ऐकू येत होतं. माझा नुसता संताप संताप होत होता.

दार उघडलं. व्यवस्थापकांनी कागद पुढे केला. "तुमची बदली मागच्या कोठारात. तुमचं थिएटर बंद. तिथे रुग्ण नाहीत, त्यामुळे रुमाल चालेल. तुमच्या भावाची संमती आहे."

"आणि माझी?" ती म्हणाली.

भाऊ खिडकीबाहेर बघू लागला.

"इथे खाली सही करा," व्यवस्थापक म्हणाले.

तिने पेन घेतलं. सहीच्या जागी तिने लिहिलं, 'मला कुणी विचारलं नाही.'

"अहो, ही सही नाही!"

"नाहीच. आधी विचारा, मग सांगते."

मित्रांनो, त्या दिवसापासून तिला थिएटरमध्ये घेतलेलं नाही, आणि ती कोठारातही गेलेली नाही. रोज सकाळी ती मला बांधते, फाटकाशी जाते आणि उत्तर मागते. मी विटलोय, कडा उसवल्यात. माझी काळजी करू नका, मला धुतलं की मी पुन्हा उभा राहतो. मला ठेवायचं की काढायचं, ही चर्चा जिथे चालली असेल तिथे एकदा नजर फिरवा. ती खोलीत नसेल, तर उठा आणि तिला आत बोलवा.