आबांनी खाली ठेवलेला घास

आबांना बारमध्ये न्यायची अक्कल माझीच. अजिंक्य म्हणत होता, घरी येऊन रीतसर विचारतो. मी म्हटलं, आधी खाऊ घाल, माळशिरसचा माणूस पोटातून विरघळतो. आबा त्याला ओळखत होते. माझा मित्र म्हणून तो दोनदा आमच्याकडे जेवला होता, विहिरीवरची बंद मोटारही त्यानं चालू करून दिली होती. त्याचं हॉटेल आहे, एवढंच त्यांना ठाऊक होतं. लग्न करीन तर याच्याशीच, हे माझं ठरलेलं. पण आबांच्या 'हो'शिवाय मी बोहल्यावर चढणार नव्हते.

सात रस्त्याजवळचा त्याचा बार म्हणजे पिवळे दिवे, उंच स्टुलं आणि कडक भाकरी. अजिंक्य काउंटरमागे लपून बसला होता. काळ्या दगडी पाटीवर भाकरी, शेंगाचटणी, दही आलं.

"पाटी दिलीया, पेन्सिल कुटं हाय?" आबांनी विचारलं, आणि मी गरजेपेक्षा जास्त हसले.

मग सायडर आली. सफरचंदाचा आंबवलेला रस, थोडी चढते, हे मी आधीच सांगून टाकलं. पहिल्या घोटाला बुडबुडे नाकात जाऊन आबा शिंकले. दुसरा घोट त्यांनी मोठा घेतला. भाकरी चटणी-दह्यात कुस्करून दोन घास खाल्ले आणि हळूच म्हणाले, चटणी तुझ्या आईपेक्षा सरस आहे, पण तिला सांगू नकोस. मला आकाश ठेंगणं झालं. माझाही अर्धा ग्लास डोक्यात गेला होताच.

"आबा, हा बार अजिंक्यचा आहे," मी म्हटलं, "आणि मला त्याच्याशीच लग्न करायचंय."

आबांचा हात तोंडापाशी थांबला. तिसरा घास त्यांनी परत पाटीवर ठेवला, बोटं पुसली, ग्लास लांब सारला. अजिंक्य धावत आला आणि करू नये तेच करू लागला. त्यानं मटण आणलं. आबा नको म्हणाले. पिठलं आणलं, तेही नको. पाण्याचा तांब्याही त्यांनी हातानंच परतवला. आता माझं डोकं फिरलं.

"मुलगा पसंत नसेल तर तोंडानं सांगा," मी म्हटलं. "अन्नावर राग कशाला?" शेजारची दोन स्टुलं आमच्याकडे वळली.

आबांनी माझ्याकडे पाहिलं, खुळी पोर पाहावी तसं.

"अगं, लेकीच्या सासरचं अन्न बाप खातो व्हय? नातवंडाचं तोंड बघस्तवर पाणीबी चालत न्हाय. दोन घास ग्येलं, ते न कळता ग्येलं."

मला उमगायला एक क्षण लागला. अजिंक्यला तेवढ्यातही उमगलं नाही. त्यानं घाम पुसत विचारलं, "काका, मग भात आणू का?" मी इतकी हसले की स्टुलावरून घसरून थेट त्याच्या अंगावर पडले, आणि हसता हसताच रडले.

आबा मात्र उपाशीच. मग आम्हाला घेऊन ते समोरच्या वडापावच्या गाडीवर आले आणि ॲप्रनमधल्या बारमालकाला त्यांनी आपल्या पदरचा वडापाव खाऊ घातला. खाताना त्यांची नजर पुन्हा पुन्हा काचेपलीकडे जात होती. तिथं त्यांची पाटी आणि अर्धा ग्लास अजून तसाच होता.

"लगीन उरका," आबा म्हणाले, "आन् नातवंडाचंबी जरा लवकर बगा. चटणी लई झ्याक हुती."